डावा पाय आधी : गिअरची गाडी शिकण्याचा क्रम

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. सिग्नल सुटला, तुम्ही घाईत क्लच सोडला आणि गाडी बंद पडायला आली, की तो आपल्या बाजूचा क्लच हळूच दाबतो. गाडी वाचते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. पंधरा-वीस दिवसांत कोर्स संपतो, पुढे लायसन्सही हातात येतं, आणि घरची गाडी सोसायटीच्या गेटमधून बाहेर काढताना चार वेळा बंद पडते. वॉचमन बघत असतो, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो. आपल्याला गाडी जमणारच नाही असं तिथे वाटून जातं. खरं म्हणजे डावा पाय अजून काही शिकलेलाच नसतो, त्याचं काम इतके दिवस दुसऱ्याच्या पायाने केलेलं असतं.

म्हणून इथला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी स्टेअरिंग हातात देतात आणि क्लचचं काम शिकवणारा सांभाळतो. इथे पहिले दोन दिवस फक्त क्लच. रेस नाही, दुसरा गिअर नाही, वळणंही जेमतेम. स्कूलमध्ये शिकत असाल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सांगा, "सर, तुमचा पाय क्लचवरून काढून ठेवा, बंद पडली तर पडू द्या." ब्रेकवर त्यांचा पाय असू द्या, तो तुमच्या आणि रस्त्यावरच्यांच्या सुरक्षेसाठी आहे.

पुढचे आकडे १.० ते १.२ लिटर पेट्रोल इंजिनाच्या छोट्या गाडीचे आहेत. वॅगन आर, स्विफ्ट, टियागो, आय टेन अशा गाडीवर शिकायला सोपं जातं, कारण बोनेट लहान, क्लच हलका आणि काच मोठी असते. डिझेल गाडी इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही जोर देते, त्यामुळे ती सहज हलते आणि कमी बंद पडते. पण डिझेलवर शिकलेला माणूस पेट्रोलवर आला की पुन्हा अडखळतो. उलट्या क्रमाने तसं होत नाही.

आधी कागद

वय १८ पूर्ण हवं. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. शिकताना गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल 'एल' हवा. पाटी निदान १८ सेंटीमीटर चौरस आणि अक्षर निदान १० सेंटीमीटर उंच, असं नियमात लिहिलेलं आहे. शेजारी त्या गाडीचं वैध लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली असलीच पाहिजे, तीही गाडी थांबवता येईल अशा जागी. मोठा भाऊ मागच्या सीटवर मोबाइल बघत बसला असेल तर तो धरला जात नाही. घरच्या गाडीत शेजारच्याकडे ब्रेक नसतो, त्याच्या हाताशी असतो तो फक्त हँडब्रेक. म्हणून घरच्या गाडीवरचे पहिले दिवस मोकळ्या मैदानावरच घालवायचे.

सीट, आरसे, पायातलं

सीटचं माप क्लचवरून घ्यायचं. पाठ आणि कंबर सीटला टेकवून क्लच पार तळापर्यंत दाबा. त्या वेळी डावा गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा. पाय सरळ ताणला जात असेल तर सीट लांब आहे, मग क्लच तळाला पोचत नाही आणि गिअर टाकताना खरखर येते. गुडघा स्टेअरिंगला लागत असेल तर सीट फार जवळ आहे. यानंतर पाठीचा कोन ठरवा. हात सरळ पुढे करून मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं, पण खांदे सीटवरून सुटले नाहीत, की कोन बरोबर. उंची कमी असेल तर सीट वर घ्या. ती सोय नसेल तर घट्ट उशी चालेल, सरकणारी नको.

आतल्या आरशात मागची पूर्ण काच दिसावी. बाहेरच्या आरशांत आपल्या गाडीची बाजू अगदी कडेला, बोटभर दिसली तरी पुरे, बाकी आरसा रस्त्यासाठी.

चपला नकोत. मागून मोकळी असलेली चप्पल पेडलखाली अडकते. जाड तळव्याच्या बुटांतून क्लचची थरथर कळत नाही. पातळ तळव्याचे कॅनव्हासचे बूट सर्वांत चांगले. आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही : ड्रायव्हरच्या पायाशी पाण्याची बाटली कधीही ठेवू नका. ती घरंगळून ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबलाच जात नाही. एका मॅटवर दुसरी रबरी मॅट टाकलेली असेल तर तीही काढून टाका.

क्लच आत काय करतो

इंजिन सुरू असेपर्यंत फिरतच राहतं. चाकं मात्र कधी थांबलेली, कधी हळू, कधी जोरात. या दोघांना जोडणारी आणि सोडवणारी जागा म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चाक असतं. त्याला चिकटून क्लच प्लेट बसते आणि तिला मागून प्रेशर प्लेट दाबून धरते. तुम्ही पेडल दाबलं की प्रेशर प्लेट मागे सरते, क्लच प्लेट मोकळी होते आणि इंजिन व चाकांचा संबंध तुटतो. पेडल सोडलं की प्लेट पुन्हा चिकटते.

सगळी मेख चिकटण्याच्या क्षणात आहे. मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरणारं फ्लायव्हील आणि जागेवर उभी प्लेट एकदम चिकटली, तर हजारेक किलोच्या गाडीने इंजिनच थांबतं. तेच 'बंद पडणं'. हळूहळू चिकटली तर प्लेट थोडी घसरते, घसरता घसरता गाडीला गती देते आणि मग घट्ट बसते. हा घसरण्याचा टप्पा म्हणजे आपला 'हाफ क्लच'. पेडलचा सगळा प्रवास वीतभराहून कमी असतो आणि त्यातला हा टप्पा जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचा. प्रत्येक गाडीत तो वेगळ्या उंचीवर असतो आणि प्लेट झिजत गेली की त्याची जागाही सरकते. म्हणून "पेडल अर्धं सोड" या सांगण्याला फारसा अर्थ नाही. तो टप्पा पायाला कळला पाहिजे.

मैदानावर : पहिले दोन दिवस, रेसशिवाय

सपाट, मोकळी जागा हवी. गवत किंवा वाळू नको, चाकं रुततात. समोर निदान पन्नास मीटर कुणी नको. रविवारी सकाळी क्रिकेट सुरू व्हायच्या आत मैदान गाठलेलं बरं.

१. हँडब्रेक ओढलेला. क्लच पूर्ण दाबा, उजवा पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलला आहे का ते दांडी डावी-उजवीकडे हलवून बघा, मग गाडी सुरू करा. बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरूच होत नाहीत.

२. पहिला गिअर टाका. हँडब्रेक खाली करा. उजवा पाय ब्रेकवरून उचलून बाजूला, जमिनीवर ठेवा. अॅक्सिलरेटरला हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही.

३. डाव्या पायाची टाच जमिनीला टेकवा, शक्य असेल तर. चवड्याने पेडल अगदी सावकाश वर येऊ द्या. इंजिनाचा आवाज जरा जड होईल, टॅकोमीटरचा (इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणाऱ्या डायलचा) काटा थोडा खाली झुकेल, सीटखाली बारीक थरथर येईल.

४. तिथेच थांबा. पाय हलवू नका. गाडी हळूच पुढे निघेल. मनात एक-दोन-तीन म्हणा. गाडी चालू लागल्यावरच उरलेला क्लच सोडा.

५. आता गाडी आपली आपण चालते आहे, ताशी साधारण सहा किलोमीटरने, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसाइतकी. दहा मीटर जाऊ द्या, क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. पुन्हा पहिल्यापासून.

हे पन्नास वेळा. खरोखर पन्नास, मोजून. पहिल्या दहांत चार-पाचदा बंद पडेल आणि ते ठीक आहे, कारण बंद पडताना तो टप्पा कुठे सुटला हे पायाला कळतं. तिसाव्या वेळेपर्यंत काट्याकडे बघावं लागत नाही, आवाजावरून कळतं. पन्नासाव्या वेळी शेजारच्याशी बोलत बोलत जमलं पाहिजे. एका दिवसात सगळे करू नका. डावी मांडी भरून येते आणि थकलेला पाय क्लच धपकन सोडतो. दोन दिवसांत विभागा, मध्ये दहा मिनिटं उतरून फिरा. सारखा हाफ क्लच लागल्याने प्लेटही तापते, तिलाही तेवढी विश्रांती हवी.

चूक जवळजवळ नेहमी चौथ्या पायरीवर होते. गाडी हलली की आनंदात किंवा घाबरून पाय एकदम वर येतो. गाडी गचका खाते आणि बंद पडते. गाडी हलली म्हणजे प्लेट पूर्ण बसली असं नाही, ती अजून घसरत असते. हलल्यानंतरचा एक सेकंद पाय धरून ठेवणं, यातच बाकी सगळं आलं.

आता रेस

तिसऱ्या दिवशी उजवा पाय कामाला लावा. न्यूट्रलमध्ये उभं राहून आधी नुसती रेस देऊन बघा : काटा १५०० वर आणा आणि तिथे दहा सेकंद धरा. जमत नाही, काटा १२०० ते २५०० मध्ये नाचतो. पाय अंगठ्याकडून न दाबता टाच टेकवून घोट्यातून दाबला की स्थिर होतो. हे जमल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग पहिला गिअर, क्लच त्या टप्प्यापर्यंत वर, काटा झुकला की थोडी रेस, एक सेकंद धरून उरलेला क्लच सोडा. काहीजण आधी मोठी रेस देऊन मग क्लच सोडतात. गाडी बंद पडत नाही हे खरं, पण प्लेट दर वेळी जास्त घासते आणि पार्किंगमध्ये समोर भिंत असेल तर गाडी तिच्याकडे झेपावते. भीतीपोटी जास्त रेस द्यायची ही सवय एकदा लागली की सुटायला महिने जातात. रेसशिवायचे दोन दिवस त्यासाठीच होते.

थांबताना आधी ब्रेक, मग क्लच. नव्या माणसाचा डावा पाय धोका दिसला की पहिल्यांदा क्लचवर पडतो. क्लच दाबला की इंजिनाची आपोआप मिळणारी अडवणूक संपते, गाडी मोकळी धावते आणि थांबायला जास्त अंतर लागतं. वेग ताशी दहा-बाराच्या खाली आला, गाडी धडधडायला लागणार असं वाटलं, की क्लच. अचानक थांबायची वेळ आली तर मात्र हा विचार नको, दोन्ही पाय जोरात खाली. २०१९ नंतरच्या गाड्यांत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, असतंच. ते चालू झालं की पायाखाली पेडल खटखटतं. घाबरून पाय उचलू नका, दाबून धरा.

गिअर बदलणं

आपल्याकडे दांडी डाव्या हाताला. पाच गिअरच्या गाडीत बहुधा अशी मांडणी असते : पहिला वर आणि दुसरा खाली, दोन्ही आपल्यापासून लांबच्या बाजूला. तिसरा-चौथा मध्ये. पाचवा आपल्या बाजूला वर आणि त्याच्या खाली रिव्हर्स. काही गाड्यांत रिव्हर्स डाव्या कोपऱ्यात वर असतो आणि त्यासाठी दांडीवरचं कडं उचलावं लागतं. दांडीच्या गोळ्यावर नकाशा छापलेला असतो, गाडी बंद असताना तो पाठ करा.

दांडी सोडली की स्प्रिंगमुळे ती आपोआप मधल्या गल्लीत, तिसऱ्या-चौथ्यासमोर येते. यातच हाताचं गुपित आहे. पहिल्या-दुसऱ्यासाठी तळहात बाहेरच्या बाजूला करून दांडी लांब ढकलायची. तिसऱ्या-चौथ्यासाठी फक्त सरळ पुढे किंवा सरळ मागे, बाजूला जोर द्यायचाच नाही. पाचव्यासाठी तळहात आपल्याकडे करून ओढून घ्यायची. मूठ आवळून गिअर टाकणाऱ्याचा दुसऱ्यावरून तिसरा टाकताना पाचवा पडतो, कारण खांद्याचा जोर दांडीला बाजूला नेतो. याहून वाईट म्हणजे पाचव्यावरून चौथ्याऐवजी दुसरा पडणं. ऐंशीच्या वेगात दुसरा टाकून क्लच सोडला तर इंजिनाच्या फेऱ्या एकदम मर्यादेपलीकडे जातात आणि मोठं नुकसान होऊ शकतं. चुकलं असं वाटलं तर क्लच सोडायचाच नाही. दांडी न्यूट्रलला आणा, ती आपोआप मध्ये येईल, मग सरळ मागे ओढून चौथा.

कोणता गिअर कधी? पहिला फक्त हलण्यापुरता, पंधरापर्यंत. दुसरा १५ ते ३०, तिसरा ३० ते ४५, चौथा ४५ ते ६०, पुढे पाचवा. हे सपाट रस्त्याचे ढोबळ आकडे. चढावर प्रत्येक गिअर थोडा जास्त लांबवायचा. रेस न देता गाडी पहिल्यात ताशी सहाच्या आसपास चालते, दुसऱ्यात अकराच्या, तिसऱ्यात सोळा-सतराच्या. याचा उपयोग असा : गतिरोधकावरून ताशी पाचने उतरताना गाडी दुसऱ्यात ठेवली आणि क्लच सोडला की ती गचके खाणारच, कारण दुसऱ्याची सर्वांत हळू चालच अकराची आहे. अशा वेळी पहिला टाका किंवा क्लचने सांभाळा.

वरचा गिअर टाकताना रेस सोडणं आणि क्लच दाबणं एकदम. दांडी न्यूट्रलमधून जाताना क्षणभर रेंगाळू द्या, हिसका नको. मग क्लच टप्प्यापर्यंत लगेच, तिथे अर्धा सेकंद, मग पूर्ण सोडा आणि रेस द्या. आधी सगळं मिळून दोन सेकंद लागले तरी चालतील. खालचा गिअर टाकताना उलट आहे. आधी ब्रेकने वेग त्या गिअरच्या पट्ट्यात आणा, मग गिअर, आणि क्लच वर जातानापेक्षा सावकाश सोडा, कारण आता इंजिनाला फेऱ्या वाढवायच्या असतात. तो वेळ दिला नाही तर गाडी पुढे ढकलल्यासारखी होऊन सगळे पुढे झुकतात.

वळणापूर्वी गिअर बदलून क्लच सोडून मोकळे व्हा. क्लच दाबून वळण घेणं ही आपल्याकडची सर्रास खोड. त्या वेळी गाडीवर इंजिनाचा ताबा नसतो आणि एका हाताने दांडी, एका हाताने स्टेअरिंग अशी कसरत होते.

बिघडतं कुठे

गाडी बंद पडली तर क्रम ठरलेला असू द्या : ब्रेक, क्लच तळापर्यंत, किल्ली किंवा बटण, निघा. क्लच पूर्ण दाबलेला असेल तर पहिल्या गिअरमध्येच सुरू करता येते, न्यूट्रलला आणण्यात वेळ घालवायची गरज नाही. चार-पाच सेकंदांत निघता येतं. मागच्याचा हॉर्न तेवढ्यापुरता ऐकू येत नाही असं समजायचं.

गाडी बेडकासारख्या उड्या मारत निघाली तर क्लच आणि रेस एकमेकांच्या विरुद्ध नाचत आहेत. गाडी झटकते, त्या झटक्याने उजवा पाय पेडलवर हलतो, त्यामुळे पुन्हा झटका. उपाय एकच, क्लच पूर्ण दाबा. उड्या तिथेच थांबतील. मग पुन्हा सुरुवात.

गिअर टाकताना खरखरलं तर बहुतेक वेळा क्लच तळाला पोचलेला नसतो. रिव्हर्सला खरखर येते ती वेगळ्या कारणाने. पुढच्या गिअरांना असणारी, फेऱ्या जुळवणारी रिंग बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला नसते. म्हणून गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन सेकंद थांबा, मग टाका. तरी अडला तर आधी पहिला टाकून पुन्हा रिव्हर्स, किंवा क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा. दांडीवर ताकद लावायची नाही.

पहिला गिअर अडला तरी हाच उपाय. यात गाडी नादुरुस्त नसते.

चढ

मॉलच्या तळघरातून वर येणारा रॅम्प, फ्लायओव्हरवर लागलेली रांग : इथे शिकाऊ माणसाला घाम फुटतो. सुरुवातीला हँडब्रेकनेच करा, त्यात कमीपणा काही नाही. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेच्या नियमातही चढावर थांबून, मागे न येता पुन्हा निघणं आहे आणि हँडब्रेक वापरायला तिथे मुभा आहे.

हँडब्रेक ओढून उभे राहा, पहिला गिअर. रेस १५०० ते १८०० वर धरा. क्लच टप्प्यावर आणा, बोनेट किंचित वर उचलल्यासारखं होईल आणि गाडीची मागची बाजू जरा बसेल. ते दिसलं की गाडी हँडब्रेकशी झगडते आहे. आता दोन्ही पाय स्थिर ठेवून हँडब्रेक खाली. गाडी पुढे निघेल. बोनेट हललं नसताना हँडब्रेक सोडला तर गाडी मागेच येणार.

हे हातात बसलं की पायाच्या ब्रेकने करा. उजवा पाय ब्रेकवर, क्लच टप्प्यापर्यंत, थरथर आली की ब्रेक सोडा. हलक्या चढावर गाडी क्षणभर जागेवर उभी राहते, तेवढ्यात उजवा पाय रेसवर. नव्या काही गाड्यांत चढावर ब्रेक सोडल्यावरही दोनेक सेकंद गाडी धरून ठेवण्याची सोय असते. ती असली तर उत्तम, पण शिकताना तिच्यावर विसंबू नका, दुसऱ्याची गाडी चालवायची वेळ कधीतरी येतेच.

चढावर रांगेत असताना हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं मात्र बंद करा. पाहायला कसब वाटतं. आत प्लेट सतत घासत आणि तापत असते, आणि मिनिटभरात रबर किंवा कागद जळल्यासारखा वास येतो. उभं राहायचं तर ब्रेकवर.

घाट उतरताना

खंबाटकी असो, वरंधा असो की आंबा, जुना नियम आजही तितकाच बरोबर आहे : ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर उतरा. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाका, वेग वाढल्यावर नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात रेस सोडून दिली की इंजिनच गाडी अडवतं आणि ब्रेक फक्त वळणापाशी लागतो. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर तो तापतो, वास येतो आणि मग दाबूनही नेहमीसारखा धरत नाही.

न्यूट्रलला टाकून किंवा गाडी बंद करून उतरल्याने पेट्रोल वाचतं, ही समजूत कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या, काळापासून चालत आली आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना रेस सोडली की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू राहायला ते पीत राहतं. म्हणजे बचत उलट गिअरमध्येच आहे. इंजिन बंद केलं तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा दाबल्यावर संपते, पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टेअरिंग जड होतं, आणि किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉकही बसू शकतं.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. ती थांबली तर पुन्हा निघणं किती कठीण आहे हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

रिव्हर्स आणि पार्किंग

रिव्हर्समध्ये बहुतेक वेळा रेस लागतच नाही. पहिल्या दोन दिवसांत पाय जे शिकला तेच इथे, फक्त उलट्या दिशेने. डाव्या खांद्यावरून वळून मागच्या काचेतून बघा. कॅमेरा असला तरी तो बाजूचं पोर दाखवत नाही. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की गाडीची मागची बाजू डावीकडे जाते, पण पुढची बाजू त्याच वेळी उजवीकडे फेकली जाते. खांब बहुतेक वेळा तिकडचाच लागतो.

उतारावर गाडी लावली तर हँडब्रेकसोबत गिअरही टाकून ठेवा, तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. पुन्हा सुरू करताना हे विसरून क्लच न दाबता किल्ली फिरवली की जुनी गाडी उडी मारते. म्हणून क्लच दाबूनच सुरू करायची सवय.

रस्त्यावर

मैदानावर गिअर न बघता पडायला लागले की रस्ता. पहाटे सहा ते सात हा वेळ चांगला. पहिला आठवडा रोज तोच रस्ता ठेवा, कुठे गतिरोधक, कुठे खड्डा हे ठाऊक असलं की डोकं गाडीला देता येतं. तो बसल्यावर बाजाराचा रस्ता, मग संध्याकाळ, मग रात्र, मग पाऊस, या क्रमाने. हायवे सर्वांत शेवटी, जरी तो सोपा वाटला तरी. तिथे गिअर कमी बदलावे लागतात म्हणून सोपा वाटतो, चुकीची किंमत मात्र मोठी असते.

ओव्हरटेक करताना गिअर वर नाही, खाली हवा. पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा उसाचा ट्रॅक्टर ताशी पंधरा-वीसने जात असतो. त्याच्या मागे चौथ्यात रेस दाबली तर गाडी नुसती घरघरते. थोडं मागे राहून समोरचा रस्ता पूर्ण दिसेल असं बघा, तिसरा किंवा दुसरा टाका, मग निघा. बाजूला असताना गिअर बदलत बसू नका. रात्री त्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं धरून चालू नका.

पुढच्या गाडीपासून अंतर सेकंदांत मोजा. ती खांबापाशी गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. तुम्ही त्याआधी खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात चार सेकंद. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये थांबायचं नाही. आणि त्यात बंद पडली तर पुन्हा सुरू करायची नाही. पाणी इंजिनात शिरलेलं असेल तर सुरू करण्याच्या प्रयत्नातच आतला रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा.

प्लेट किती शिल्लक आहे

शिकाऊ हातात प्लेट थोडी जास्त झिजतेच. सिग्नलला पहिला टाकून, क्लच दाबून दोन-दोन मिनिटं बसू नका, न्यूट्रल करून पाय काढा. चालताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका. बुटाच्या वजनानेही प्लेट थोडी सुटते. पाय डाव्या बाजूच्या टेकण्यावर, नाहीतर सरळ जमिनीवर.

शंका आली तर एक चाचणी घरच्या घरी करता येते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० ला चौथा गिअर टाका, क्लच पूर्ण सोडा आणि रेस जोरात दाबा. काटा आणि वेग बरोबर वाढले तर प्लेट ठीक आहे. काटा झरकन वर गेला आणि वेग मागेच राहिला, तर प्लेट घसरते आहे. गॅरेजात गेल्यावर "क्लच बदला" एवढंच म्हणू नका. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटवर रेटणारं बेअरिंग) तिन्ही एकदमच बदलून घ्या, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी तीच लागते, आणि जुनं बेअरिंग सहा महिन्यांनी ओरडायला लागलं तर ती पुन्हा भरावी लागते.